आजोबांची लिस्बनची पेन्शन: पंचवीस वर्षं अडकलेला अर्ज

आज १२ मार्च २००६. गेल्या महिन्यात आजोबांच्या खात्यात लिस्बनहून पहिली नियमित पेन्शन जमा झाली. अर्ज केला होता १९८१ साली. मधल्या पंचवीस वर्षांतली शेवटची अडीच वर्षं या कामामागे मी धावले. गोव्यात अजून कितीतरी घरांत असा एखादा जुना कागद पडून असेल, म्हणून सगळं तारखांसकट लिहून ठेवते आहे.

आजोबांचा जन्म १९३१ चा. घरात कोंकणी, वाचायला मराठी आणि पोटासाठी पोर्तुगीज, अशी त्यांच्या पिढीची रीत होती. पणजीच्या लिसेवात, म्हणजे पोर्तुगीज सरकारी हायस्कुलात, शिकले आणि ऑगस्ट १९५३ मध्ये बार्देस तालुक्याच्या फाझेंदमध्ये, म्हणजे महसूल-तिजोरीच्या कचेरीत, आस्पिरांत म्हणून लागले. आस्पिरांत म्हणजे सगळ्यात खालच्या पायरीचा कारकून. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला तेव्हा ते त्याच खुर्चीवर होते. पुढचे तीन-चार महिने नव्या लष्करी प्रशासनात काम केलं, पण पणजोबा आजारी पडले आणि एप्रिल १९६२ मध्ये राजीनामा देऊन ते डिचोलीला एका खाणमालकाकडे हिशेबनीस झाले. त्यामुळे पोर्तुगीज काळातल्या नोकरांना सामावून घेणारा १९६५ चा भारतीय कायदा आला, तो त्यांच्या काही उपयोगाचा नव्हता. त्यांची आठ वर्षं चार महिने मधल्यामध्ये लटकली. इकडे धरायला कुणी नाही, तिकडे विचारायला सोय नाही.

या आठ वर्षांत दर महिन्याला त्यांच्या पगारातून पेन्शनसाठी पैसे कापले जात होते. पगारपत्रकावर त्यासाठी वेगळा रकाना असायचा, ‘कोंपेन्सासांव द आपोझेंतासांव’. आजोबा तो शब्द आजही एका दमात म्हणतात. पगार आधी रुपियांत, १९५९ पासून एश्कुदांत.

हे काम करताना मी बरंच वाचलं आणि एक गोष्ट मला फार लागली. जिथे सत्तांतर वाटाघाटींनी होतं तिथे नोकरांच्या पेन्शनचा प्रश्न झेंडा उतरण्याआधीच कागदावर येतो. इंग्रज गेले तेव्हा त्यांच्या अधिकाऱ्यांच्या पेन्शनी कुणी द्यायच्या हे ठरलं, आणि १९४८ च्या पौंड-शिलकीच्या, म्हणजे ब्रिटनकडे साठलेल्या भारताच्या पैशांच्या, करारात भारतानं त्यासाठी मोठी रक्कम बाजूला काढून दिली. हाँगकाँगच्या मूलभूत कायद्याचं १०२ वं कलम तर मी आजोबांना वाचून दाखवलं. १ जुलै १९९७ ला हाँगकाँग ब्रिटनकडून चीनकडे गेलं, त्याच्या आधी निवृत्त झालेल्यांनाही पेन्शन मिळेल, आधीपेक्षा कमी अनुकूल अटींवर नाही, आणि माणूस कुठल्या देशाचा नागरिक आहे किंवा कुठे राहतो याचा विचार न करता. आजोबांनी ते वाक्य दोनदा वाचायला लावलं. गोव्यात असं काही घडायला कुणी टेबलाशी बसलंच नव्हतं. गोवा भारताचा हे पोर्तुगालनं मान्य केलं तेच ३१ डिसेंबर १९७४ च्या कराराने. त्यामुळे एका साध्या कारकुनाची कापलेली रक्कम कुणाच्या अजेंड्यावर असणार?

ज्या पोर्तुगीज कायद्यानं आजोबांना पेन्शन मागता आली, तो आला पोर्तुगालातली हुकूमशाही गेल्यावर. आफ्रिकेतल्या वसाहती स्वतंत्र झाल्या, तिथले काही नोकर पोर्तुगालात जाऊन तिथल्या सेवेत शिरले, पण बरेचसे आपापल्या गावीच राहिले. त्यांच्यासाठी २८ नोव्हेंबर १९७८ ला ३६२ क्रमांकाचा हुकूम निघाला. पुढच्या दुरुस्तीनंतर त्यातली अट अशी होती: माजी सागरपार प्रांतांत किमान पाच वर्षं नोकरी आणि पेन्शनसाठी पगारातून कपात झालेली असेल, तर पेन्शन मागता येईल. हुकूम निघाला तो गोव्याच्या मुक्तीनंतर सतरा वर्षांनी.

आजोबांना हे कळलं लिस्बनला गेलेल्या एका जुन्या सहकाऱ्याच्या पत्रातून. त्यांनी फेब्रुवारी १९८१ मध्ये स्वतःच्या हातानं, पोर्तुगीजमध्ये अर्ज लिहून रजिस्टरनं पाठवला. पोचपावतीचं कार्ड परत आलं. वर्षभरानं उत्तर आलं: नोकरीच्या कालावधीचा दाखला पाठवा, आणि पोर्तुगीज नागरिकत्वाचा पुरावा पाठवा.

तिथे सगळं थांबलं. आजोबांचा धाकटा भाऊ, आमचे काका-आजोबा, १९५५ च्या सत्याग्रहानंतर आग्वादच्या तुरुंगात होते. मोठा भाऊ फाझेंदमध्ये आणि धाकटा आग्वादला, हे आमच्या घरानं सहा वर्षं सोसलं होतं. आजोबा तेव्हा दर महिन्याला कचेरीतून सुटल्यावर डबा घेऊन निघायचे, आणि दुसऱ्या दिवशी त्याच सरकारच्या वह्या लिहायला बसायचे. आता पैशासाठी ‘मी पोर्तुगीज’ असा कागद आणायचा? शिवाय दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं जातं. आजोबांनी ते पत्र घडी घालून जुन्या पंचांगांच्या गठ्ठ्यात ठेवलं आणि विषय बंद केला.

मला ते पत्र सापडलं जून २००३ मध्ये. आत्याच्या मुलीच्या पत्रिकेसाठी जुनं पंचांग शोधत होते. पत्राला पोचपावतीचं कार्ड टाचलेलं होतं, टाचणी गंजून कागदावर तपकिरी डाग पडला होता. त्याच आठवड्यात मडगावच्या एका ओळखीच्या गृहस्थांकडून कळलं की पोर्तुगालातल्या न्यायालयांनी, या पेन्शनला नागरिकत्वाची अट नाही, असे निकाल दिले आहेत. २००२ मध्ये तर तिथल्या घटनात्मक न्यायालयानं, नागरिकत्व गेलं की पेन्शन संपते, हे पेन्शन कायद्यातलं कलमच घटनाबाह्य ठरवलं.

मी हे आजोबांना सांगितलं तेव्हा ते काही बोलले नाहीत. संध्याकाळी काका-आजोबा आले. आजोबांनी पत्र त्यांच्यापुढे ठेवलं. काका-आजोबांनी चष्मा लावून ते पूर्ण वाचलं, त्यांनाही पोर्तुगीज येतं, आणि म्हणाले, “तुज्या घामाचे पयशे ते. पाकल्यांचे न्हय.” पाकले म्हणजे पोर्तुगीज. पत्र त्यांनीच माझ्या हातात दिलं.

जुलै २००३ मध्ये मी लिस्बनच्या पेन्शन खात्याला पहिलं पत्र पाठवलं. आजोबांनी मजकूर सांगितला, मी टाईप केला, त्यांनी सही केली. त्यात फक्त तीन गोष्टी होत्या: १९८१ च्या अर्जाची तारीख, पोचपावतीची झेरॉक्स, आणि या फायलीची आजची स्थिती काय, हा प्रश्न. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. नवा अर्ज करायची मुदत १ नोव्हेंबर १९९० ला संपली आहे. तेव्हा ‘नवीन अर्ज करतो’ असं चुकूनही लिहू नका. त्याआधी अर्ज पोचला होता आणि कागद अपुरे म्हणून तो बाजूला ठेवला गेला होता, एवढंच सांगायचं आणि ती फाईल पुढे चालवायला सांगायचं. आमचं सगळं काम त्या पोस्टाच्या कार्डावर उभं राहिलं. घरात असलं काही असेल तर आजच प्लास्टिकच्या पाकिटात घाला.

ऑक्टोबरमध्ये उत्तर आलं. फाईल होती! क्रमांक होता! कागद न आल्यानं ती बंद करून ठेवली आहे, कागद आल्यास विचार करू. नागरिकत्वाचा उल्लेख या वेळी नव्हता. मी ते पत्र चार वेळा वाचलं आणि मग आजोबांना झोपेतून उठवलं.

आता नोकरीचा दाखला. म्हणजे कधी रुजू झाले, कधी सुटले, मधे बिनपगारी रजा किती, कपात झाली की नाही. पणजीच्या पुराभिलेखागारात अर्ज दिला तेव्हा तिथल्या एका बाईंनी पहिल्याच दिवशी मोलाचं सांगितलं: नेमणुकीचा हुकूम सरकारी राजपत्रात छापला जायचा, त्याची तारीख आणि पान शोधून आणा, मग आम्हाला मूळ नोंद काढणं सोपं जाईल. राजपत्र म्हणजे बोलेती ओफिसियाल. त्याचे बांधीव खंड पणजीच्या सेंट्रल लायब्ररीत बघायला मिळाले, ती तेव्हा मेनेझेस ब्रागांझा संस्थेच्या इमारतीत होती. नोव्हेंबर आणि डिसेंबरचे नऊ शनिवार मी तिथे काढले. दारातल्या त्या निळ्या फरशांच्या चित्रांजवळून आत जायचं, खंड मागायचा आणि एकेक पान उलटायचं. कागद इतका ठिसूळ की पान उलटताना कोपरा हातात यायचा. म्हणून दोन्ही तळहातांनी उचलायचं, बोटांनी नाही.

मला पोर्तुगीज नीट येत नाही. नाव सापडेना. आठव्या शनिवारी आजोबाच बरोबर आले आणि त्यांनी विचारलं, “तू कुठल्या स्पेलिंगनं शोधतेस?”

अडचण तीच होती. पोर्तुगिजांनी आपली नावं त्यांच्या कानांनी लिहिली. ‘श’ला एक्स. ‘के’ला क्यू-यू-ई. शंकर असेल तर तो एक्सपासून सुरू होतो. नाईक हे आडनाव एन-ए-आय-क्यू-यू-ई असं लिहिलेलं असतं. कामतांचे ‘कामोतीं’ होतात, शेणवींचे ‘सिनाय’. मी आपली इंग्रजी स्पेलिंग डोक्यात धरून पाचशे पानं चाळली होती आणि बहुधा आजोबांच्या नावावरूनच दोनदा बोट फिरवून पुढे गेले होते. नवव्या शनिवारी नाव मिळालं. १९५३ चा खंड, नेमणुकांची यादी, वरून सहावं. नावाच्या शेवटच्या अक्षराशी वाळवीनं एक गोल भोक पाडलं होतं, अक्षर मात्र शाबूत होतं. आजोबांनी त्या ओळीखाली नख ठेवलं आणि बराच वेळ काढलं नाही.

पान क्रमांक दिल्यावर पुराभिलेखागारात सात आठवड्यांनी, फेब्रुवारी २००४ मध्ये, मूळ नोंदींच्या प्रमाणित प्रती हातात आल्या. त्यांच्यावरून कालावधीचा दाखला करून घ्यायला दुसऱ्या एका सरकारी कचेरीत जावं लागलं, आणि तिथे घोटाळा झाला. दाखल्यावर १९५३ च्या जागी १९५८ टाईप झालं. पाच वर्षांच्या अटीत एवढा एक आकडा म्हणजे सर्वस्व. १९५८ धरलं असतं तर आजोबा सरळ बाद. मी दाखला घेऊन निघालेही होते. बसमध्ये आजोबांनी तो वाचला आणि आम्ही पुढच्या स्टॉपला उतरलो. दुरुस्ती करून मिळायला आणखी पाच आठवडे गेले, तीन हेलपाटे झाले, एकदा मला रडू आलं. दाखला हातात घेतल्यावर काउंटरवरून हलू नका. प्रत्येक तारीख, प्रत्येक नाव तिथेच उभं राहून मूळ कागदाशी ताडून बघा.

मग नावाचा प्रश्न. राजपत्रात एक स्पेलिंग, रेशनकार्डावर दुसरं, निवडणूक ओळखपत्रावर तिसरं, बँकेच्या पासबुकावर चौथं. चारही नावांची व्यक्ती एकच, असं प्रतिज्ञापत्र केलं. सोबत जन्मनोंदीचा उतारा लावला, तो सिव्हिल रजिस्टरमधून मिळाला. आपल्याकडे पोर्तुगीज काळातली जन्म-विवाहाची नोंदपुस्तकं जपून ठेवलेली आहेत, या कामात त्यांचं फार मोठं बळ मिळतं. जे कागद मुळात पोर्तुगीजमध्ये आहेत त्यांना भाषांतर लागत नाही, म्हणून शक्यतो जुन्या नोंदीची पोर्तुगीज प्रतच मागा. इंग्रजी कागदांची नऊ पानं आम्ही भाषांतर करून घेतली, पानाला २०० रुपये. त्यावर नोटरी, मग सरकारी साक्षांकन, मग पोर्तुगीज कॉन्सुलेटचा शिक्का. जुलै २००५ पासून भारतात अपोस्टिल, म्हणजे परदेशात चालणारा एकच सरकारी शिक्का, सुरू झालं आहे, त्यामुळे आता करणाऱ्यांनी आधी त्याची चौकशी करावी. एकूण खर्च, पोस्ट आणि बसभाडं धरून, चार हजार सहाशेच्या आसपास. म्हापशात एक दलाल भेटला होता. ‘सगळं करून देतो’ म्हणाला आणि थकबाकीचा तिसरा हिस्सा मागितला. आजोबांनी त्याला चहा पाजून वाटेला लावलं. या कामात वेळ लागतो, पायपीट होते, पण दलालानं करावं असं त्यात काहीही नाही.

१० मे २००४ ला पाकीट रजिस्टरनं गेलं. एक पूर्ण संच घरी ठेवला.

त्यानंतर काहीच नाही. पावसाळा गेला, चवथ झाली, दिवाळी झाली. डिसेंबरमध्ये आजोबांना न्यूमोनिया झाला आणि अकरा दिवस ते इस्पितळात होते. त्या अकरा दिवसांत मला या सगळ्या खटाटोपाचा पश्चात्ताप होत होता. गप्प बसलेल्या माणसाच्या मनात मी आशा घातली आणि आता तो वाट बघतच जाणार, असं सारखं वाटायचं. घरी आणल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “पत्र आलं?” नाही म्हटल्यावर म्हणाले, “मग आठवण पाठव. फाईल वर येते ती आठवणीनं. मी कचेरीत होतो, मला माहीत आहे.”

जानेवारी २००५ मध्ये आठवणीचं पत्र पाठवलं, वर मोठ्या अक्षरात फाईल क्रमांक घालून. मार्चमध्ये उत्तर आलं, बँकेचा तपशील आणि हयातीचा दाखला मागणारं. माणूस जिवंत आहे का विचारताहेत म्हणजे पैसे द्यायचा विचार आहे, असं आजोबा म्हणाले आणि त्या दिवशी पहिल्यांदा हसले. हयातीच्या दाखल्यासाठी आम्ही त्यांना पणजीत आल्तिन्यावरच्या पोर्तुगीज कॉन्सुलेटमध्ये घेऊन गेलो. इस्त्रीचा पांढरा शर्ट, पायात बूट. तिथल्या तरुण कर्मचाऱ्याशी ते पोर्तुगीजमध्ये बोलले. चाळीस वर्षांत मी सोडाच, माझ्या आईनंही त्यांना सलग पोर्तुगीज बोलताना ऐकलं नव्हतं. त्या मुलानं खुर्ची दिली, पाणी आणलं, आणि दहा मिनिटांत काम करून दिलं.

निर्णयाचं पत्र आलं २३ सप्टेंबर २००५ ला. पेन्शन मंजूर. त्यासोबत मोजणीचा तक्ता होता. आजोबांनी तो घेतला, पेन्सिल मागितली आणि माडीवर गेले. दोन तासांनी खाली आले. मागच्या कोऱ्या बाजूला त्यांनी ऑगस्ट १९५३ पासून डिसेंबर १९६१ पर्यंतचा एकेक महिना मांडला होता, १९५७ मधली टायफॉइडची बिनपगारी रजा वजा करून. त्यांचा आकडा आणि लिस्बनचा आकडा तंतोतंत जुळला. “मोजणी बरोबर आसा,” ते म्हणाले. त्यांच्या तोंडून याहून मोठी पावती मी ऐकलेली नाही.

रक्कम इथे लिहीत नाही. श्रीमंत होण्यासारखी ती नाही; औषधं आणि दूधवाला भागतो. थकबाकीचीही एक रक्कम होती. ती कधीपासून धरायची हे प्रत्येकाच्या अर्जाच्या आणि कागदांच्या तारखांवरून ठरतं, म्हणून आमच्यावरून तुमचा अंदाज बांधू नका. पहिले पैसे धनादेशानं आले आणि बँकेत तो वटायला पाच आठवडे लागले. त्यानंतर आम्ही थेट खात्यात जमा करण्याचा अर्ज दिला, आणि फेब्रुवारीत पहिला नियमित हप्ता तसाच आला. तुम्ही सुरुवातीपासूनच खात्यात मागा. खात्यावरचं नाव आणि पेन्शनच्या पत्रावरचं नाव एकाच स्पेलिंगमध्ये करून घ्या, नाहीतर तेच प्रतिज्ञापत्र बँकेत पुन्हा दाखवावं लागतं.

थकबाकी जमा झाली त्या दिवशी आजोबांनी रक्कम मोजून एक पाकीट तयार केलं आणि काका-आजोबांकडे घेऊन गेले. काका-आजोबांनी ते घेतलं नाही. दोघांची बराच वेळ बाचाबाची झाली, दार बंद होतं, नीट ऐकू आलं नाही. शेवटी असं ठरलं की त्या पैशांतून पणजोबांच्या वेळची, कोसळलेली विहिरीची कठडी बांधायची. गवंडी पुढच्या सोमवारपासून येणार आहे.

हयातीचा दाखला दरवर्षी द्यावा लागतो. आजोबांनी घरातल्या नव्या पंचांगात त्या तारखेभोवती पेन्सिलीनं गोल केला आहे, आणि कडेला त्यांच्या जुन्या स्पेलिंगमध्ये, एक्सने सुरू होणारी, सही.